फणसाचा पाळणा

गेल्या वर्षी भाताची कापणी उरकली त्या सुमारास, एका सकाळी आमचे हे माळ्यावरून पाळणा उतरवताना मला दिसले. मी गोठ्यातून दूध घेऊन येत होते. शिडीवर उभं राहून यांनी पाळण्याची एक बाजू खांद्यावर घेतली होती आणि दुसरी माळ्याच्या कडेला अडकून बसली होती. पाय लटपटत होते.

"अवो, पडाल की! थांबा, मी येते."

चरवी तिथंच ठेवून मी धावले. दोघांनी मिळून तो कसाबसा जमिनीवर घेतला. धूळ, कोळिष्टकं, उंदरांनी साठवलेल्या भाताची फोलपटं, सगळं आमच्या डोक्यावर सांडलं. यांचा चेहरा मात्र खुलला होता.

"सून पोटुशी हाय न्हवं? मग पाळणा नगं व्हय तिच्या लेकराला?"

स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. तिनं पाळण्याकडं एकदा पाहिलं, ओढणी तोंडाला लावली आणि आत निघून गेली.

ती का गेली हे यांनाही कळायला हवं होतं. त्याच्या आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते. तेव्हाही यांनी बातमी कळल्याबरोबर हाच पाळणा उतरवला होता, अंगणात धुऊन उन्हात ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला होता. सहाव्या महिन्यात ते लेकरू गेलं. बेळगावच्या दवाखान्यातून आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो तेव्हा पाळणा पडवीतच होता, आणि सुनेला त्याच्या शेजारून घरात यावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि मुलानं तो मुकाट्यानं माळ्यावर टाकला. त्यावर घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आमचं गाव बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या रामनगरपासून आत, जंगलाला लागून. मी तिकडच्याच एका मराठी शाळेत शिकवत होते, आता घरीच असते. यांनी उमेदीची सगळी वर्षं लाकडाच्या डेपोत काम केलं आणि सुट्टीच्या दिवशी शेत पाहिलं. मुलगा गोव्यात एका कारखान्यात आहे. शनिवारी तो गाडीनं कॅसलरॉकला उतरायचा, स्टेशनाजवळ ठेवलेली मोटारसायकल घेऊन घरी यायचा आणि रविवारी परत जायचा. सुनेला आई नाही, माहेरी सगळी पुरुषमंडळी, म्हणून ती बाळंतपणाआधीही आमच्याजवळच राहिली होती. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही तिघंच.

पाळणा माझ्या सासऱ्यांनी केलेला. ते शेतकरी, सुतारकी कुणाकडं शिकलेले नव्हते. यांच्या जन्माच्या आधी परसातला फणस वाऱ्यात आडवा झाला, त्याच्या फळ्या काढून, सुकवून, हा पाळणा त्यांनी स्वतःच्या हातानं घडवला. चार कोपऱ्यांना चार खांब, दोन्ही बाजूंना बारीक गजांच्या जाळ्या, खाली फळ्यांचा तळ. खिळा म्हणून एकही नाही. एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली आणि वरून लाकडाची खुंटी मारलेली. खांबांच्या टोकांवर राघू कोरलेले, त्यांतल्या एकाची चोच जरा वाकडी. हे त्यात झोपले, यांच्या पाठची भावंडं झोपली, आणि पुढं आमचा मुलगाही. आता मात्र छपराच्या गळतीनं तळाची फळी कुजली होती, एका जाळीचे गज किड्यांनी पोखरले होते आणि लाकूड काळवंडून गेलं होतं.

त्या सकाळी हे म्हणाले, "पयल्यासारखा करून दावतो बघ."

सासऱ्यांची हत्यारं यांनी जपून ठेवली होती. वाकस, रंधा, पटाश्या, एक जुनी करवत. पडवीत पोतं अंथरून हे त्यांना धार लावत बसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. काम सुटल्यापासून यांचं बोलणं कमी झालं होतं. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. दोनदा रामनगरच्या बाजारात पिशवी विसरून आले होते. एकदा बस चुकीची पकडली. वय झालं, दुसरं काय, असं मी स्वतःला सांगत होते. आता हातात रंधा आला आणि माणूस जागा झाला असं मला वाटलं. काळ्या थराखालून फणसाचा पिवळा रंग वर यायला लागला तेव्हा यांनी मला हाक मारून बोलावलं. "वास घे, वास घे," म्हणाले. भुशाला खरंच हलका गोडसर वास होता.

दुपारी सून माझ्याजवळ आली. मी तांदूळ निवडत होते. तीही बाजूला बसून निवडायला लागली आणि खाली बघतच बोलली.

"आत्ती, मामास्नी सांगा की, आत्ताच नको म्हणून. सगळं नीट होऊ दे. मग करू दे त्यांना काय करायचं ते."

"सांगते मी."

"ते समोर दिसलं की मला दवाखान्यातून आलेला दिवस आठवतोय."

मी संध्याकाळी यांना सांगितलं. समजावून, नीट. यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. "व्हय, पोरीचं बरोबर हाय. झाकून ठेवतो." रात्री जेवतानाही तेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी गुरं सोडून आले तर हे पुन्हा पडवीत, पाळणा मांडीशी घेऊन.

"अवो, काल काय ठरलं आपलं?"

"काय ठरलं?"

हे माझ्याकडं असे बघत होते की मी चिडूही शकले नाही. थट्टा नव्हती, हट्ट नव्हता. कालचं बोलणं यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, किंवा पोचून कुठं तरी पडून गेलं होतं.

शेवटी मी यांची बसायची जागा बदलली. पडवीऐवजी घरामागच्या गवताच्या खोपीत सगळं नेलं, म्हणजे सुनेच्या नजरेला पडणार नाही. तिथं यांनी पाळणा सुटा करायला घेतला. खुंट्या ठोकून काढल्या, खांब वेगळे केले, जाळ्या वेगळ्या केल्या, प्रत्येक गज ओढून काढला. मी चहा घेऊन जायची तेव्हा तुकडे गवतावर पसरलेले असायचे. सुरुवातीला ते ओळीनं मांडलेले होते. मग ओळी बिघडल्या. हे एक तुकडा उचलायचे, दुसऱ्याला लावून बघायचे, खाली ठेवायचे, थोड्या वेळानं तोच पुन्हा उचलायचे.

एकदा यांनी मला विचारलं, "ह्यो कुठला गं?"

"मला काय माहीत? तुम्हीच काढलाय."

"मी कवा काढला?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी यांना झोप लागल्यावर दुपारी मी खोपीत जाऊन तुकडे हातात घेऊन पाहिले. एका खांबाची खाच आणि तिच्यात बसणारी आडव्या पट्टीची जीभ जुळवून बघितली. जीभ खाचेत सैल हलत होती. लाकूड घासून घासून पार बारीक झालं होतं. एकच जागा हे रोज साफ करत होते, कारण काल साफ केलीय हे यांना आज आठवत नव्हतं. मी दुसरी पट्टी बघितली, तिसरी बघितली. कुठं हात लावलेलाच नाही, कुठं अर्धं लाकूड गेलेलं. मी गवतावर खाली बसले. बाजारातली पिशवी, चुकीची बस, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणं, हे सगळं त्या लाकडात मला एकदम दिसलं.

मी कुणाला सांगितलं नाही. सुनेला काळजी नको आणि मुलाला फोनवर काय सांगायचं? आमच्या घराजवळ फोनला नीट रेंज येत नाही, बोलायला बांधावर जावं लागतं, आणि बांधावर उभं राहून असलं काही ओरडून सांगणं मला जमलं नसतं.

पण ते लपून राहिलं नाही. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी आम्ही तिघं चुलीपाशी जेवत होतो. भाकरी, मुळ्याची भाजी, ताक. हे चांगले जेवत होते. मध्येच यांनी सुनेकडं बघून अगदी मायेनं विचारलं,

"व्हय गं पोरी, पयलं लेकरू कुठं हाय? माहेरी ठेवलंस व्हय? आण की त्याला हिकडं, पाळणा झालाच बघ."

सुनेचा हात ताटातच थांबला. तिनं ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"काय झालं तिला?" यांनी विचारलं.

"ते लेकरू गेलं वो," मी म्हणाले. "गेल्या वर्षी. पोटातच गेलं. तुम्ही होता की दवाखान्यात."

यांनी घास खाली ठेवला. मी पाहिलं, बातमी यांना आत्ता, या क्षणी कळत होती. डोळे भरले. "मला कुणी सांगितलं न्हाई," असं म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी एका खोलीतल्या माणसाला धरू की दुसरीतल्या, हेच मला कळेना.

त्या शनिवारी मुलगा आला तेव्हा सुनेनंच त्याला सगळं सांगितलं. तो तडक खोपीत गेला, हत्यारं पोत्यात भरली आणि पोतं उचलून आणलं.

"अप्पा, पुरे आता. बेळगावातून नवा पाळणा घेऊन येतो मी. हे सगळं बंद."

"माझ्या बाचा पाळणा हाय त्यो."

"असू दे. तुम्हाला जमत नाही आता."

असं बापाच्या तोंडावर त्यानं म्हणायला नको होतं. हे उठले, पोत्याला हात घातला. दोघं ओढाओढी करायला लागले. बाप आणि मुलगा, एका पोत्यासाठी. आतली पटाशी पोतं फाडून बाहेर आली आणि मी मध्ये पडले म्हणून कुणाच्या हाताला लागली नाही. यांनी पोतं सोडलं, मुलाकडं बघितलं आणि विचारलं, "तू कोण सांगणारा?" रागात माणूस असं बोलतोच, पण मुलाला ते तसं ऐकू आलं नाही. तो अंगणात जाऊन किती तरी वेळ मोटारसायकलीला टेकून उभा राहिला.

मग बेळगावचा दवाखाना झाला. डॉक्टरांनी यांना साल विचारलं, वार विचारला, जेवलात काय विचारलं. हे प्रत्येक वेळी माझ्याकडं बघत होते. डॉक्टर मला म्हणाले, हे वाढत जाणार, गोळ्यांनी थोडं सावकाश होईल, जपावं लागेल. जपायचं म्हणजे काय काय हे त्यांनी सांगितलं. गॅस, विहीर, रस्ता. शेवटी, घरात लहान मूल येणार आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मूल त्यांच्या एकट्याच्या हातात देऊ नका." परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसून बाहेर बघत होते आणि मी त्या एका वाक्याशी भांडत होते.

हत्यारं मुलानं गोव्याला नेली. सुटे तुकडे खोपीतच राहिले. हे रोज तिथं जायचे आणि रोज येऊन मला विचारायचे, "पाळणा कुणी मोडला?" मी कधी म्हणायची दुरुस्तीला काढलाय, कधी म्हणायची तुम्हीच काढलाय. कसंही सांगितलं तरी समाधान होत नव्हतं.

माघातल्या थंडीत एका संध्याकाळी मी परसात कपडे काढत होते. न्हाणीच्या धुराड्यातून भरपूर धूर येत होता. मी चूल पेटवली नव्हती. आत गेले तर हे चुलीपुढं उकिडवे बसलेले, वर हंडा चढवलेला, आणि जाळात पाळण्याची सुटी केलेली जाळी. पोखरलेली नव्हे, दुसरी. धड असलेली. हे आणखी एक गज आत सारत होते.

मी ओरडले आणि हातानंच जाळीची आडवी पट्टी बाहेर ओढली. तळहात भाजला. पट्टी पाण्यात बुडवली तेव्हा चुर्रर आवाज झाला आणि न्हाणी धुरानं भरली. गज बहुतेक सगळे गेले होते. हे घाबरून भिंतीला चिकटले.

"काय करालासा तुम्ही हे?"

"पोरीला गरम पाणी लागंल न्हवं? कंबर दुखतीय म्हणाली ती."

ते खरं होतं. सकाळी सून मला तसं म्हणाली होती आणि एवढं मात्र यांच्या लक्षात राहिलं होतं. मग यांची नजर माझ्या हातातल्या जळक्या पट्टीवर गेली. यांनी ती घेतली, राख पुसली.

"हे आमच्या पाळण्याचं हाय. कुणी जाळलं गं?"

मी म्हणाले, "चुकून गेलं."

आवाज ऐकून सून आली होती. दारात उभं राहून तिनं सगळं बघितलं होतं. तिनं मला बाहेर नेलं, तळहाताला कोरफड लावली. फडकं गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "आत्ती, पाळणा करून घेऊया. एखाद्या सुताराला बोलवा."

"तुला भीती वाटते ना त्याची?"

"वाटते. पण मामा रोज विचारतात आणि तुम्ही रोज काही तरी सांगता, ते मला आता ऐकवत नाही."

रामनगरचा एक सुतार मी शोधला. तरुण माणूस, यंत्रावर दारं-खिडक्या करणारा. तो आला, तुकडे पायानं सरकवून बघितले आणि म्हणाला, "टीचर, ह्यात काही राहिलं नाही. नवा करून देतो, सागवानी, पॉलिश मारून."

"नवा नको. हाच."

"मग वेळ लागेल. आणि मी येईन तेव्हा येईन."

तसाच तो आला. ठरल्या दिवशी नाही, नंतर भलत्याच वेळी, निम्मा वेळ फोनवर कानडीत कुणाशी तरी भांडत. पण काम त्यानं मन लावून केलं. कुणाच्या तरी मोडलेल्या घरातली फणसाची जुनी फळी त्यानं मिळवली, तिच्यातून नव्या जाळ्यांचे गज आणि तळ काढला. सैल झालेल्या जिभांना त्यानं बाजूनं पातळ पाचरी बसवल्या. मी त्याला एकच अट घातली होती, काम आमच्या पडवीत करायचं आणि यांना शेजारी बसू द्यायचं. त्याला ते आवडलं नव्हतं. हे सारखं काही ना काही उचलायचे, तो सारखं परत घ्यायचा. "आजोबा, तेवढं खाली ठेवा की," हे वाक्य मी त्या दिवसांत किती ऐकलं.

पाळणा उभा राहिला तेव्हा सुतारानं एका कोपऱ्यातली खुंटी यांच्या हातात दिली. यांनी ती जागेवर टेकवली, मोगरीनं दोन ठोके दिले. खुंटी वाकडी गेली. सुतार पुढं झाला, मी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. ती वाकडीच राहिली आहे.

मुलानं येऊन पाळण्याला हात लावून बघितला, सगळीकडून हलवून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं मधल्या खोलीच्या तुळईला नव्या साखळ्या अडकवल्या, पण पाळणा लावला नाही. सुनेनं तसं सांगितलं होतं.

बाळंतपण बेळगावला झालं. अवघड झालं. पोट फाडावं लागलं आणि बाळाला पहिले काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. मी तिथं होते आणि यांना शेजाऱ्यांच्या भरवशावर घरी ठेवलं होतं, तेव्हा माझं निम्मं चित्त तिकडं आणि निम्मं इकडं. मुलगी झाली. शेजाऱ्यांनी यांना बांधावर नेलं आणि मी फोनवर सांगितलं. यांनी विचारलं, "कुणाला?"

आम्ही घरी आलो तेव्हा बारसं उशिरानंच करायचं ठरलं. शेजारच्या चार बायका आल्या, पाळणा लावला, त्याला झेंडूच्या माळा बांधल्या. रीतीप्रमाणे आधी वरवंटा कुंची घालून पाळण्यात ठेवला, मग बाळाला ठेवलं. सून पाळण्याचा खांब घट्ट धरून उभी होती. तिच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. यांना मी नवा सदरा घालून खुर्चीत बसवलं होतं. हे बाळाकडं फारसं बघत नव्हते. जाळीवरून बोटं फिरवत होते आणि बायकांना सांगत होते, "माझ्या बानं केलाय ह्यो. एक खिळा न्हाई ह्यात."

नवे गजही सासऱ्यांनीच केले असं यांना वाटत होतं. मी तसंच राहू दिलं.

खरी अडचण बारशानंतर सुरू झाली. डॉक्टरांचं ते वाक्य सुनेच्याही मनात होतं. बाळाला ती तिच्या खोलीत झोळीत झोपवायची, मी समोर असले तरच पाळण्यात ठेवायची. मग मधल्या खोलीत पाळणा बराच वेळ रिकामा असायचा, आणि हे येऊन त्याची दोरी हातात धरून बसायचे. झोका द्यायचे. रिकाम्या पाळण्याला.

आमच्याकडं रिकामा पाळणा कुणी हलवत नाही. मला अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही, तरी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मीही पुढं धावले. सून तर किंचाळली. "मामा, नको! हलवू नका!" तिनं दोन्ही हातांनी पाळणा धरला. हे दचकले, दोरी सोडली. "बाळ निजलंय गं," हळू आवाजात म्हणाले. "ओरडू नगं, उठंल."

त्या रात्री मुलगा म्हणाला, "पाळणा काढून टाकतो." मी म्हणाले काढ. यांच्यासाठी म्हणून केलेलं सगळं तिच्या जिवाला घोर लावत असेल तर काय उपयोग? सून बाळाला पाजत होती.

सकाळी मी उठले तेव्हा पाळणा जागेवर होता. त्यात काही तरी गुंडाळून ठेवलेलं दिसलं. मी जवळ जाऊन बघितलं. वरवंटा होता, बारशाला घातली होती तीच कुंची घातलेला, खाली दुपटं, वर दुपटं. सून चुलीपाशी होती.

"रिकामा नको म्हणून ठेवलाय," ती मागं न बघता म्हणाली. "आता हलवू दे त्यांना."

मी तिला काही म्हणायला गेले असते तर रडले असते, आणि तिला रडणं नको होतं, तिला बाळाच्या अंघोळीचं पाणी बघायचं होतं.

आता पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झालेत. बाळ पालथं पडायला लागलंय. हे दुपारभर दोरी धरून बसतात, कधी त्यात बाळ असतं, कधी वरवंटा. यांना फरक कळतो का, मला सांगता येत नाही. परवा बाळ जोरात रडलं तेव्हा हे उठून लांब गेले, आणि नंतर पाळण्यात वरवंटा ठेवला तेव्हा त्याला मात्र हळूच थोपटत होते. सुनेनं ते बघितलं, मीही बघितलं.

दिवाळीनंतर मुलगा सुनेला आणि बाळाला गोव्याला नेणार आहे. तिथं दवाखाना जवळ आहे, आणि नवरा-बायकोनं असं वेगळं किती दिवस राहायचं? मला ते पटतं. आम्हीही यावं असं तो म्हणतो. यांना दोन खोल्यांच्या घरात, अनोळखी रस्त्यावर कसं सांभाळायचं? आणि इथं राहिले तर गव्यांनी शेत तुडवलं तरी बघायला मी एकटी. रोज एक विचार पक्का करते आणि दुसऱ्या दिवशी तो बदलतो. पाळण्याचं काय करायचं, हे मुलानं मला विचारलं. गोव्याच्या घराला तुळई नाही. मी म्हणाले, आत्ता राहू दे, दिवाळीपर्यंत बघू.